मिलान, १४७१ : आठ राज्यांनी फळी धरलीय, एई उतरेपर्यंत तग कसा धरायचा?

नकाशावेडा

गेले पंधरा दिवस युरोपा युनिव्हर्सालिस ४ या संगणकावरच्या राज्यविस्ताराच्या खेळात मिलान खेळतोय. आयर्नमॅन आहे, त्यामुळे मागचा सेव्ह उघडून चूक दुरुस्त करता येत नाही. डाव सोडायची इच्छाही नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात चांगली झाली होती. ११ नोव्हेंबर १४४४ ला खेळ सुरू होतो. पहिली चार वर्षं मी फक्त क्लेम (शेजारच्या प्रांतांवरचे हक्क) बनवले आणि सैन्य भरलं. १४४८ ला मोन्फेरातो घेतलं, १४५३ ला मांतुआ, १४५९ ला फेरारा आणि त्याच्याबरोबर मोदेना. दर वेळी शेजारी नाराज व्हायचे, पण उठायचं कोणी नाही. दोन युद्धांच्या मध्ये पाच-सहा वर्षं जायची आणि सगळं निवायचं.

मग जेनोआवर गेलो. १४६६ ते १४६९, तीन वर्षं लढाई चालली. मनुष्यबळ जवळजवळ शून्यावर आलं, कर्जं झाली. तहाची खिडकी उघडली तेव्हा वॉर स्कोअर (युद्धात कोण किती वरचढ याचा आकडा) भरपूर होता. एवढं सोसलंय तर पदरात पडेल ते सगळं घ्यावं असं वाटलं. जेनोआ शहर घेतलं, कोर्सिका घेतलं, वर पैसेही घेतले. दोन महिन्यांनी ऑस्ट्रियाने, म्हणजे सम्राटाने, पवित्र रोमन साम्राज्यातला बेकायदा घेतलेला प्रदेश परत मागितला. मी नकार दिला. त्यानंतर एकामागून एक कोअलिशनची, म्हणजे माझ्याविरुद्धच्या फळीची, ढालीची चिन्हं उगवायला लागली.

आज १४७१ च्या मार्चमध्ये ॲग्रेसिव्ह एक्सपान्शनचे (एई, म्हणजे जमीन बळकावल्याबद्दल प्रत्येक राज्यात साठलेला राग) आकडे असे आहेत: फ्लॉरेन्स ७१, लुक्का ६६, सिएना ६४, सॅव्हॉय ६३, व्हेनिस ५५, पोपचं राज्य ५४, स्वित्झर्लंड ५२, प्रोव्हान्स ५१. हे आठही कोअलिशनमध्ये आहेत. ऑस्ट्रिया ४४ वर आहे, अजून बाहेर.

माझं सैन्य २२ हजार, त्यांचं सगळ्यांचं मिळून ७० हजारांच्या पुढे. फ्रान्सशी दोस्ती आहे आणि ती पक्की आहे, बहुतेक म्हणूनच अजून हल्ला झालेला नाही.

मला कळत नाही ते एवढंच की आता काहीच न करता थांबायचं, का काही करण्यासारखं आहे? आणि जेनोआ परत देऊन टाकलं तर हे शांत होतील का?

घोडदळ

जेनोआ देऊ नका. जमीन सोडली तरी लोकांच्या मनातला आधीचा आकडा तिथेच राहतो, आणि वर तुम्ही दुबळे होता.

दोन गोष्टी सांगा. प्रेस्टिज (राज्याची प्रतिष्ठा) किती आहे? आणि राजदूत सध्या कुठे कामाला लावलेत?

नकाशावेडा

प्रेस्टिज ६२. राजदूत दोन आहेत. एक फ्रान्सकडे संबंध सुधारतोय. दुसरा सिएनात हेरांचं जाळं विणतोय, पुढचा क्लेम तयार राहावा म्हणून.

तहनामा

सिएनातला माणूस आजच परत बोलवा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. तो तिथे पकडला गेला तर सिएनाचं मत आणखी पडेल, आणि तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे राजदूताचा वेळ, तो नको तिथे जातोय. फ्रान्सकडचाही काढा. ज्याची दोस्ती पक्की आहे त्याच्याकडे रोज निरोप धाडून काय मिळणार?

आता मुद्द्याचं. एई हा तुमच्या राज्याला चिकटलेला एक आकडा नाही. प्रत्येक दरबारात तुमच्या नावाची वेगळी वही आहे. तुम्ही एक प्रांत घेतला की खेळ प्रत्येक वहीत वेगळी नोंद करतो. प्रांत किती विकसित, तो दरबार तिथून किती लांब, धर्म तोच आहे का, संस्कृतीचा गट तोच आहे का, प्रांत पवित्र रोमन साम्राज्यातला आहे का, यावर ती नोंद ठरते. जेनोआत या सगळ्या गोष्टी एकाच वेळी तुमच्या विरुद्ध गेल्या: भरपूर विकसित शहर, साम्राज्याच्या हद्दीतलं, कॅथलिक, आणि आजूबाजूला सगळे त्याच गटातले इटालियन. मोन्फेरातो, मांतुआ लहान होते म्हणून खपून गेले. तुमचं गणित जमलं होतं असं नाही, त्याची परीक्षाच झाली नव्हती.

हे मी वरून बोलत नाही. ब्रांडेनबर्गच्या माझ्या पहिल्या डावात मी सहा वर्षांत श्टेटिन, व्होल्गास्ट आणि मेक्लेनबुर्ग गिळलं होतं. १४६३ ला बर्लिनमध्ये बोहेमियाचं सैन्य बसलं होतं आणि मी तो डाव बंद केला. तेव्हापासून मी तहाच्या खिडकीत युद्धापेक्षा जास्त वेळ घालवतो. लढाईत जिंकून तहात हरणं आपण ऐकत आलोय. या खेळात मात्र तहात जास्त जिंकून हरता येतं, आणि जेनोआत तेच झालं.

आता या आठांकडे बघू. एखादं राज्य कोअलिशनमध्ये यायला दोन गोष्टी एकदम लागतात. त्याच्या वहीत तुमची एई ५० किंवा जास्त हवी, आणि तुमच्याबद्दलचं एकूण मत शून्याखाली हवं. शिवाय तुमच्याशी ट्रूस (तहानंतरची ठरावीक वर्षांची शांतता) नसावा. यातली एक गोष्ट तुटली की तो गडी बाहेर. लोक फक्त पहिल्या आकड्याकडे बघत बसतात. दुसरा आकडा तुम्ही दिलेलाच नाही! एकूण मत किती आहे?

नकाशावेडा

आता बघितलं. पोप उणे ९. स्वित्झर्लंड उणे ३१, प्रोव्हान्स उणे २८, सिएना उणे ५८, लुक्का उणे ६२, सॅव्हॉय उणे ७४, फ्लॉरेन्स उणे ९६. व्हेनिस उणे १५० च्या खाली, आम्ही एकमेकांचे रायव्हल (घोषित प्रतिस्पर्धी) आहोत.

तहनामा

उणे ९! पोपला काढा. पहिला राजदूत रोमला पाठवा, आणि काही महिन्यांत मत शून्याच्या वर येईल. एई ५४ राहिली तरी तो फळीत थांबणार नाही.

हे लिहिताना मला व्हेनिसचा खरा इतिहास आठवतो, आणि तुमच्या नकाशावर तो अगदी बसतो. १० डिसेंबर १५०८ ला कांब्रेला फळी बांधली गेली. त्यात फ्रान्सचा बारावा लुई, सम्राट माक्सिमिलियन, ॲरॅगॉनचा फर्डिनांड, आणि पुढे पोप दुसरा ज्युलियसही आला. व्हेनिसने गेल्या शंभर वर्षांत मुख्य भूमीवर जे जे घेतलं होतं त्याचा प्रत्येकाला आपापला वाटा हवा होता. १४ मे १५०९ ला आन्यादेल्लोला फ्रेंचांनी व्हेनिसचं सैन्य मोडलं आणि बघता बघता मुख्य भूमी जवळजवळ सगळी गेली. मग व्हेनिसने काय केलं? ज्याचं मागणं सगळ्यात कमी आणि सगळ्यात स्पष्ट होतं त्याला वेगळं काढलं. पोपला रोमान्यातली शहरं हवी होती, ती सोडली, पोपच्या अटी मान्य केल्या. फेब्रुवारी १५१० मध्ये पोपने व्हेनिसला माफ केलं. १५११ मध्ये तोच पोप फ्रान्सच्या विरुद्ध पवित्र लीग उभी करत होता आणि व्हेनिस त्याच्या बाजूला होतं. दोन वर्षांनी व्हेनिस फ्रान्सकडे गेलं, आणि १५१७ पर्यंत गेलेला बहुतेक प्रदेश परत आला. फळी समोरून फोडली नाही. ज्या कडेला ती सैल होती तिथून उसवली.

तुमच्याकडे सैल कडा तीन आहेत. पोप मताने सैल आहे. स्वित्झर्लंड आणि प्रोव्हान्स आकड्याने सैल आहेत, ५२ आणि ५१. एई दर वर्षी मुळात २ ने उतरते. म्हणजे प्रोव्हान्स सहा महिन्यांत, स्वित्झर्लंड वर्षभरात आपोआप गळेल, तिकडे राजदूत घालवू नका. दुसरा राजदूत सिएनाला द्या. उणे ५८ म्हणजे वेळ लागेल, पण होण्यासारखं आहे. व्हेनिसचं नाव सोडून द्या. रायव्हलची मनधरणी करून काही हाती येत नाही, तो एई उतरली की जाईल तेव्हा जाईल.

दरबारात राजनैतिक सल्लागार कोण आहे? संबंध सुधारण्याचा वेग २० टक्के वाढवणारा जो मिळतो, तो आणा, महाग पडला तरी. याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं: तो वेग फक्त राजदूताला लागू होत नाही, एई उतरण्यालाही लागू होतो. २ च्या जागी वर्षाला २.४. फ्लॉरेन्सचे ७१ चे ५० व्हायला साडेदहा वर्षं लागली असती, ती पावणेनऊ होतील. पहिला आयडिया ग्रुप (राज्याला फायदे देणारा धोरणांचा संच) अजून घेतला नसेल तर डिप्लोमॅटिक किंवा ह्युमनिस्टचा विचार याच कारणासाठी करा. इन्फ्लुअन्समध्ये उलट बाजूने मदत होते, तिथली एक आयडिया नवी एई मुळातच कमी पडू देते. प्रेस्टिजही तेच करतं, १०० ला पोचलात तर नवी एई १० टक्के कमी.

सैन्य फोर्स लिमिटपर्यंत (राज्याला झेपणाऱ्या सैन्याच्या मर्यादेपर्यंत) भरा आणि कर्ज फेडा. एआय हल्ला करायचा की नाही ते तुमचं आणि तुमच्या दोस्तांचं बळ मोजून ठरवतं. फ्रान्स कुठल्या मोठ्या युद्धात थकला की तुमच्यावर येतील. म्हणून रोज एक नजर फ्रान्सच्या मनुष्यबळावर ठेवा, आणि जमेल तर दुसरा एक मोठा दोस्त जोडा. नेपल्स किंवा ॲरॅगॉन बघा.

डोंगरीकिल्ला

तहनामा यांचं बहुतेक पटतं, पण एक बाजू राहिली. कोअलिशनशी लढणं हाही मार्ग आहे आणि मी तो दोनदा वापरलाय.

युद्ध संपलं की समोरच्या सगळ्यांशी ट्रूस होतो. ट्रूस असलेला कोअलिशनमध्ये येऊ शकत नाही. कोअलिशन उभं राहायला निदान चार राज्यं लागतात, ती मिळतच नाहीत. ट्रूस तहाच्या जडपणावर ठरतो, पाच वर्षांपासून पंधरापर्यंत. म्हणजे एकदा जिंकलात, आणि त्या तहात जमीन न मागता पैसे, युद्धखंडणी, मोडलेल्या दोस्त्या एवढंच मागितलंत, तर एई वाढत नाही आणि निदान पाच वर्षं निवांत मिळतात.

फ्रान्स बरोबर असताना, डोंगरातल्या किल्ल्याला त्यांना वेढा घालू द्यायचा आणि वरून मारायचं. चढून येणाऱ्याला लढाईच्या फाशाला दंड बसतो. आल्प्सच्या कडेला हे जमतं. त्यांची ७० हजारांची फौज एका ठिकाणी नसते, आठ तुकड्यांत येते.

तहनामा

हे खरं आहे, आणि त्यांनी हल्ला केलाच तर असंच लढा. पण आपण होऊन उकरून काढू नका. आज एकावर युद्ध पुकारलं तर आठही येतील, आणि नकाशावेडा यांचं मनुष्यबळ आत्ताच जेनोआत संपलंय. दोन वर्षांनी हेच युद्ध पाच जणांशी होईल. तोपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

ट्रूसचा मुद्दा मात्र पुढच्या योजनेसाठी लक्षात ठेवा. मी आता कोणतंही मोठं शहर घ्यायच्या आधी यादी काढतो, या तहानंतर कोण कोण ५० च्या वर जाईल. तहाच्या खिडकीत एईच्या चिन्हावर माऊस ठेवला की नावं दिसतात. त्यातले दोन-तीन जर समोरच्याचे दोस्त म्हणून युद्धात आलेच असतील, तर त्यांना आधी हलक्या अटींवर वेगळे सोडवतो. त्यांच्याशी ट्रूस झाला. मग मुख्य तह करतो. नावं चाराच्या खाली आली की मग शहर घेतो. जेनोआच्या वेळी हे केलं असतंत तर कदाचित हा धागाच निघाला नसता.

नकाशावेडा

सिएनातून हेर परत बोलावला, राजदूत रोमला निघाला. सल्लागारही बदलला.

पुढची शंका. एई उतरल्यावर मी पुन्हा हेच करणार असेन तर पुन्हा इथेच येईन. मला इटली एक करायची आहे. फ्लॉरेन्स कधी ना कधी घ्यावंच लागेल. मग कसं घ्यायचं?

तहनामा

तीन गोष्टी मी माझ्या डावात पाळतो, त्यातली तुमच्या कामाची पहिली म्हणजे वाट बघणं. १४९० च्या आसपास शॅडो किंगडमचं प्रकरण येतं. एआयचा सम्राट बहुतेक वेळा इटली सांभाळू शकत नाही आणि इटालियन राज्यं साम्राज्याबाहेर पडतात. त्यानंतर तिथल्या प्रांतांवर साम्राज्याची वाढीव एई लागत नाही, ऑस्ट्रिया जमीन परत मागत नाही. तीच फ्लॉरेन्स, तेच प्रांत, पण नोंद बरीच हलकी. आज १४७१ आहे. फळी तशीही १४८० पर्यंत विरायची. मध्ये दहा वर्षं उरतात.

त्या दहा वर्षांत दिशा बदला. कोर्सिका तुमच्या हातात आहे, समोर ट्युनिस आहे. मुसलमान राज्याची जमीन घेतलीत तर कॅथलिक दरबारांना फार फरक पडत नाही, त्यांच्या वहीत नाममात्र नोंद होते. ट्युनिसचे दोस्त कोण आहेत ते आधी पाहा. उस्मानी असतील तर विचारही नको. नसतील तर जहाजं बांधा. सैन्य रिकामं राहणार नाही आणि इटलीतल्या वह्या कोऱ्या होत राहतील.

फ्लॉरेन्सवर जाल तेव्हा पहिल्या युद्धात सगळं तुमच्या नावावर करू नका. पिसा वेगळं राज्य म्हणून सोडवून घ्या. फ्लॉरेन्स अर्धं होतं, तुमचं कोरिंगचं (जिंकलेला प्रांत पूर्णपणे आपला करून घेण्याचं) ओझं वाढत नाही. नंतर पिसाशी दोस्ती करून, संबंध वाढवून त्याला राजनैतिक मार्गाने व्हॅसल (मांडलिक) करता येतं, त्यात एई नाही. दहा वर्षांनी सामावून घ्या, डिप्लोमॅटिक पॉइंट जातील, एई वाढणार नाही. हे फार हळू चालतं, मला कल्पना आहे. पण १८२१ पर्यंतचा खेळ आहे. आपण १४७१ मध्ये घाई करतो कारण मागच्या युद्धाची धुंदी असते.

घोडदळ

यात एक भर. ज्या व्हॅसलचे कोअर (मूळ हक्काचे प्रांत) दुसऱ्याच्या ताब्यात आहेत तो व्हॅसल सोन्याचा. त्याच्यासाठी रीकॉन्क्वेस्टचं युद्ध केलं तर परत घेतलेल्या कोअरवर एई नेहमीच्या चौथ्या हिश्श्यावर येते. मी हंगेरी खेळताना उस्मानींकडून बल्गेरियाचा एक प्रांत सोडवून तो व्हॅसल केला आणि पुढची दोन युद्धं त्याच्या कोअरसाठी लढलो. शेजारी ढिम्म हलले नाहीत.

नकाशावेडा

खूप दिवसांनी आलो, कारण खेळूनच सांगायचं ठरवलं होतं.

पोप १४७१ च्या शरदातच बाहेर पडला. चिन्ह गेलेलं दिसलं तेव्हा खेळ थांबवून मी ते दोनदा तपासलं. प्रोव्हान्स आणि स्वित्झर्लंड पुढच्या वर्षी गेले, व्हेनिस १४७३ च्या उन्हाळ्यात. उरले चार. १४७४ मध्ये फ्रान्स इंग्लंडशी भिडला आणि मला वाटलं आता हल्ला येणार. सैन्य २६ हजारांवर नेलं होतं, नेपल्सशी दोस्ती झाली होती. दोन वर्षं ते चौघे सीमेवर होते आणि मी किल्ल्यांचा एक पैसाही वाचवला नाही. आले नाहीत.

सिएनाचं मत १४७५ मध्ये शून्याच्या वर गेलं, आकडा ५० च्या वर असतानाच. त्या दिवशी तहनामा यांचं वह्यांचं बोलणं मला खऱ्या अर्थाने समजलं. मग सॅव्हॉय, मग लुक्का. आज १४८३ आहे, फ्लॉरेन्सच्या वहीत ४२.

ट्युनिसचा उस्मानींशी संबंध नव्हता, मोरोक्कोशी होता. दोन बंदरं घेतली. तह करायच्या आधी चिन्हावर माऊस ठेवून पूर्ण यादी वाचली, इटलीतलं एकही नाव नव्हतं.

डोंगरीकिल्ला, तुमची आल्प्सची चाल वापरायची वेळ आली नाही, पण सॅव्हॉयच्या बाजूच्या घाटावर किल्ला बांधून ठेवलाय. राजदूतांपैकी एक कायमचा रोमला आहे. दुसरा सध्या सिएनात, यावेळी उघडपणे, आणि तिथलं मत अधिक ७१ आहे.